गिअरचा दांडा सैल पडला म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वडिलांची २००२ ची मारुती ८००, चार गिअरची. गेले सहा महिने तिसरा गिअर जरा शोधावा लागत होता. मागच्या आठवड्यात नाशकात द्वारकेच्या सिग्नलला उभे होतात, हिरवा पडला, पहिला टाकायला गेलात आणि दांडा रिकाम्या पातेल्यातल्या डावासारखा चारी दिशांना फिरला. मागून हॉर्न सुरू झाले, दोघा रिक्षावाल्यांनी ढकलून गाडी बाजूला लावली. नंतर एका गॅरेजवाल्याने ड्रायव्हरच्या सीटवर बसून दांडा दोनदा हलवला आणि ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणून आकडा सांगितला. तो ऐकून तुम्ही विचारताय, की नुसता दांडा वेल्डिंग करून भागेल का, की एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी भंगारात द्यावी?

यातला खरा प्रश्न वेल्डिंगचाही नाही आणि भंगाराचाही नाही. तुटलंय काय, हे अजून कुणी बघितलेलंच नाही. सीटवर बसून दांडा हलवला तर दांडा सैल आहे एवढंच कळतं, आणि ते तुम्हाला आधीच माहीत होतं.

तुमच्या प्रश्नात दोन ओळी मात्र फार कामाच्या आहेत. एक, ढकलल्यावर गाडी गेली. म्हणजे गिअरबॉक्स आत न्यूट्रलला निवांत बसलाय, दोन गिअर एकात एक अडकलेले नाहीत. दुसरी, सहा महिने तिसरा शोधावा लागत होता. गिअरबॉक्सच्या आतलं काही मोडलं तर सहसा आवाज येतो, नाहीतर एकच ठरावीक गिअर त्रास देतो, आणि दांडा हाताला घट्टच लागतो. महिनोन्‌महिने हळूहळू सैल होत जाणं आणि एके दिवशी पूर्ण मोकळं होणं, हे बुशचं, म्हणजे सांध्याच्या भोकात बसणाऱ्या रबरी किंवा नायलॉनच्या कडीचं, लक्षण आहे. बघितल्याशिवाय खात्री देणार नाही, पण पैज लावायची तर मी बाहेरच्या सांध्यावर लावीन.

आता बाहेरचा सांधा म्हणजे काय ते सांगतो. ८०० चं इंजिन पुढे, आडवं बसवलेलं, आणि गिअरबॉक्स त्याच्या बाजूला. तुमचा हात असतो दोन सीटच्या मध्ये. मधलं अंतर एक सळई पार करते. दांड्याच्या मध्यावर एक गोळा असतो, तो नायलॉनच्या वाटीत बसतो. त्या गोळ्यावर दांडा डुलतो. म्हणून तुम्ही मूठ पुढे ढकलली की दांड्याचं खालचं टोक मागे जातं आणि सळईही मागे जाते. मूठ डावी-उजवीकडे नेली की सळई स्वतःभोवती थोडी पिळली जाते. पिळण्याने कुठल्या गिअरची गल्ली ते ठरतं, पुढे-मागे जाण्याने गिअर पडतो. सळईचं दुसरं टोक गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टला एका आडव्या बोल्टने जोडलेलं असतं. दोन्ही टोकांना बुश असतात.

या सळईला समांतर अजून एक दांडी असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती दांड्याचं घर, म्हणजे गोळा आणि वाटी ज्यात बसते तो भाग, गिअरबॉक्सला बांधून ठेवते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, ॲक्सिलेटर दिला-सोडला की ते हलतं. ही दांडी नसती, तर इंजिन हललं की गिअर आपोआप ओढला गेला असता. चढावर ॲक्सिलेटर सोडल्यावर गिअर सुटतो अशी तक्रार घेऊन माणूस येतो, ‘सिंक्रो गेला’ (गिअर सहज पडावा म्हणून गिअरबॉक्सच्या आत असलेली कडी) असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि खाली बघावं तर या दांडीचं रबर फाटलेलं. दर पावसाळ्यात अशी एक-दोन गिऱ्हाइकं येतातच.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकलोय. अठ्ठावीस वर्षं हे काम करतो, त्यातलं दुसरं-तिसरं वर्ष असेल. गिअर पडत नाही म्हणून एक गाडी आली. मी नवा, हात शिवशिवत होते, उस्ताद गावाला गेलेले. दिवसभर घालवून गिअरबॉक्स उतरवला, खोलला, आत सगळं लखलखीत. संध्याकाळी उस्ताद आले. त्यांनी खाली पडलेली सळई उचलली, टोकाच्या भोकात करंगळी घातली आणि गोल फिरवली. बुश नव्हताच तिथे. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स परत बसवताना मला चहाही पाजला. तेव्हापासून दांड्याची तक्रार आली की मी आधी करंगळी घालून बघतो.

तर तुम्ही काय करायचं? आधी गाडीत बसूनच दोन गोष्टी बघा. दांड्याभोवतीचा रबरी बूट वर सरकवा आणि दांडा हलक्या हाताने सरळ वर ओढा. तो वर उचलला जात असेल, तर गोळ्याची वाटी फुटलीय किंवा तिला धरून ठेवणारी क्लिप निघालीय. हे काम वरून, गाडीच्या आतूनच होतं. वर येत नसेल आणि नुसताच डुलत असेल, तर वाटी ठीक आहे, सुटलंय ते खाली.

तुमच्या केसमध्ये लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी अनेकांची गल्लत इथेच होते म्हणून सांगतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर करकरतात किंवा पडतच नाहीत, तर दांड्याला, सळईला, कशालाच हात लावू नका. तो क्लच आहे. ८०० ला क्लचची केबल असते. ती ताणली गेली किंवा तिची एकेक तार तुटत आली की क्लच पूर्ण सुटत नाही. केबल बदलली की ‘गिअरबॉक्सचा आजार’ बरा होतो.

आता गाडीखाली. यासाठी दोन माणसं लागतात. गाडी खड्ड्यावर किंवा धुण्याच्या रॅम्पवर घ्या. घरी करायचंच असेल तर सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, हँडब्रेक, आणि पुढे दोन्ही बाजूंना जॅकस्टँड. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली मी स्वतः शिरत नाही आणि पोरांनाही शिरू देत नाही. वीट आधी आवाज देऊन फुटत नाही. सायलेन्सरचा पाइपही त्याच बाजूने गेलेला असतो, म्हणून गाडी थंड होऊ द्या.

चावी काढून घ्या. एकाने वर बसून दांडा सावकाश पुढे-मागे, मग डावीकडे-उजवीकडे हलवायचा. दुसऱ्याने खाली टॉर्च धरून एकेका सांध्याकडे बघायचं. दांड्याचं टोक हललं, सळई हलली का? सळई हलली, गिअरबॉक्सचा शाफ्ट हलला का? हालचाल जिथे मरते तिथे बिघाड. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्या गॅरेजमध्ये नेमकं हेच झालं नाही.

तुमच्याकडे तीनपैकी एक काहीतरी दिसेल. बोल्ट गळून पडलाय आणि सळई लोंबतेय. बोल्ट जागेवर आहे पण बुशचा भुगा होऊन भोक मोठं झालंय. किंवा सळईचं टोकच वेल्डिंगपाशी तुटलंय. पहिली दोन कामं नवशिक्यालाही जमतील अशी. तिसऱ्याचं पुढे सांगतो.

बुश झिजल्याने एवढा फरक का पडतो, हेही समजून घ्या. गोळ्याच्या वरचा दांडा खालच्या भागाच्या साधारण चार-पाच पट लांब असतो. खाली अर्धा मिलिमीटर झीज झाली तर वर मुठीपाशी ती दोन-अडीच मिलिमीटर होऊन येते. असे दोन-तीन सांधे एकापुढे एक, म्हणून तुम्हाला तिसरा ‘शोधावा’ लागायचा. आणि म्हणूनच बदलायचे तर सगळे बुश एकदम बदला. एकच बदलला तर उरलेले महिन्याभरात पुन्हा गाडीखाली बोलावतात. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण एवढ्या गाड्या अजून फिरतायत की बुश, वाटी, बूट हे आजही कुठल्याही बऱ्या स्पेअरच्या दुकानात मिळतात. भाग स्वस्त, वेळ महाग, असं हे काम आहे. गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीशी त्याची तुलनाच नाही.

बसवताना एक गोष्ट मुद्दाम बघा. बुशच्या आत लोखंडाची छोटी नळी असते, बोटाच्या पेराएवढी. बोल्ट आवळला की ताण त्या नळीवर येतो आणि बुश मोकळा फिरत राहतो. जुना सांधा उघडताना ही नळी बहुतेकदा गंजलेल्या चिखलासकट खाली पडते आणि कचरा म्हणून झाडली जाते. मग नवा बुश, नवा बोल्ट, कचकचून आवळला, आणि दांडा असा जड होतो की हृदयाचं ऑपरेशन झाल्यासारखं माणूस जपून गाडी चालवतो. लोक म्हणतात नवा बुश खराब निघाला. बुश खराब नसतो, नळी गेलेली असते. म्हणून उघडायच्या आधी खाली फडकं अंथरा, मोबाइलवर फोटो काढा, आणि सांध्यावर नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे सळई बसवताना कोन चुकणार नाही. बोल्टला बहुधा बारा नंबरचा पाना लागतो. नट नवा घ्या, जुना पुन्हा लावू नका. नायलॉनच्या वाटीला साधं लिथियम ग्रीस चालतं. रबराला ते चोपडू नका, सिलिकॉनचं मिळालं तर ठीक, नाहीतर कोरडंच बरं.

रबराचा विषय निघालाच आहे तर एक आवडता राग काढून घेतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गाडी धुवायला नेली की खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारून घ्यायची पद्धत आहे. गंज लागत नाही म्हणे. पत्र्याचं मला माहीत नाही, पण रबर डिझेलने फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेला बुश बोटाने दाबला की शिळ्या इडलीसारखा तुकडा हातात येतो. पावसाळा संपेपर्यंत तो टिकतो आणि दिवाळीत गावाला जाताना सुटतो.

लेथवरून बुश करून घ्यावा का, असं काही जण विचारतात. सातपूर-अंबडला लेथला तोटा नाही, अर्ध्या तासात करून मिळतो. तयार बुश मिळत असेल तर करू नका. मिळतच नसेल, अशा जुन्या किंवा परदेशी गाडीला करावा लागतो. तेव्हा नायलॉनचा करा, आणि जरा ढिला ठेवा, कारण नायलॉन ओल धरून किंचित फुगतं. पितळेचा किंवा गनमेटलचा दिसायला मजबूत वाटतो, टिकतोही, पण रबर जी इंजिनाची थरथर गिळून टाकतं ती पितळ थेट मुठीपर्यंत आणतं. गंगापूर रोडच्या एका गिऱ्हाइकाने हट्टाने पितळेचे बसवून घेतले. पंधरा दिवसांनी आले, म्हणाले, ‘मेस्त्री, सिग्नलला उभं राहिलं की मुठीत मधमाश्या बसल्यासारखं वाटतं.’ परत रबराचे टाकले.

आता वेल्डिंग. सळई किंवा दांड्याचा सरळ भाग तुटला असेल तर वेल्डिंग होतं आणि टिकतंही, पण नुसती टोकाला टोक लावून ठिगळ मारायचं नाही. दोन्ही टोकं ग्राइंडरने उतरती घासायची, आत भरणा करायचा, शक्य असेल तर वरून पाइपचा तुकडा चढवून तोही जोडायचा. लांबी मूळ होती तेवढीच राहिली पाहिजे, दोन-चार मिलिमीटर कमी-जास्त झाली तर एका बाजूचे गिअर अर्धे पडतील आणि सुटतील. नवी सळई मिळत असेल तर मी तीच टाकतो. जुनी घ्यायची वेळ आली तर कुर्ल्याच्या बाजारात किंवा भंगारातल्या ८०० ची काढून आणता येते, पण लोखंड तेवढं जुनं घ्या. तिच्यावरचे बुश तुमच्याइतकेच म्हातारे असतात.

गोळ्याजवळ वेल्डिंग करू नका, नायलॉनची वाटी वितळते, आणि वाटी काढून केलं तरी उष्णतेने गोळा वेडावाकडा होतो. दांड्याचं घर ॲल्युमिनियमचं ओतीव असेल तर साध्या रॉडने ते जोडलं जात नाही, वरून डाग दिसतो आणि आत चीर तशीच राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीवर असताना वेल्डिंग करूच नका. भाग काढून बाहेर करा. तुमची २००२ ची, म्हणजे बहुधा कंप्युटरवाली. बॅटरी न काढता पत्र्याला अर्थिंगची तार लावून वेल्डिंग मारलं आणि कंप्युटर बसला, तर बुशचा खर्च विसरून जाल.

कधी खरोखर गिअरबॉक्स उघडावा लागतो? सगळे बाहेरचे सांधे घट्ट आहेत, सळई पूर्ण हलते, गिअरबॉक्सचा शाफ्टही हलतो आणि तरी गिअर पडत नाही. किंवा एकाच गिअरमध्ये दांडा अडकून बसलाय. किंवा एकच गिअर उतारावर सुटतो आणि माउंटिंग, दांडी सगळं ठीक आहे. अशा वेळीही आधी गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट उघडून थोडं ऑइल काढून बघा. काळपट ऑइल असू द्या, बारीक चमकही चालते. पण बोटाला टोचेल असा दाताचा तुकडा किंवा पितळेचे सोनेरी कण आले तर आत काम आहे. खाली गेलाच आहात तर शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथलं ऑइल सीलही बघून ठेवा. पाझरत असेल तर आत्ताच बदला, सळई सुटलेली असताना ते हाताला येतं.

८०० नसलेल्यांसाठी दोन शब्द. तुमच्या गाडीत सळईऐवजी केबल असतील तर दोन असतात, एक गल्ली निवडायला आणि एक गिअर टाकायला. बहुतेक वेळा केबल तुटत नाही, तिच्या टोकाची प्लास्टिकची डोळी गिअरबॉक्सवरच्या गोळीवरून निसटते. पुढे-मागे ठीक पण डावी-उजवी मेली, किंवा उलट, असं झालं तर तेच. आतली तार तुटली असेल तर जोडत बसू नका, केबल बदला. जीप, आणि तशाच मागच्या चाकांच्या जुन्या गाड्या, यांत अनेकदा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यातच शिरतो. दिंडोरी-पिंपळगाव बाजूच्या बागायतदारांच्या जुन्या जीप येतात, तिथे दांडा कधी हातातच निघून येतो, कारण आतली पिन झिजलेली असते नाहीतर कुणीतरी पिनऐवजी खिळा ठोकलेला असतो. झाकण उघडण्याआधी भोवतालची माती फुंकून, पुसून घ्या, ती सरळ दातांत पडते. स्टिअरिंगजवळ दांडा असलेल्या पद्मिनी-ॲम्बेसेडरवाल्यांना हे सगळं पाठ असतं. बॉनेट उघडून हाताने पट्ट्या सरळ करणारे टॅक्सीवाले आमच्या पिढीने खूप पाहिलेत.

आणि पुन्हा रस्त्यात असं झालं तर? सपाट, सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, चाकांना दगड. खालचा सांधा सुटलेला दिसला तर तात्पुरता लांब बोल्ट किंवा तार पिळून सळई जागेवर बांधता येते. तेही जमलं नाही तर शाफ्ट हाताने सरकवून एकच गिअर टाकता येतो. दुसरा पडला तर उत्तम. पुढे क्लच दाबून गाडी चालू करायची, हळूहळू सोडायचा आणि दुसऱ्यावरच जवळच्या गॅरेजपर्यंत जायचं. हे शहरात, दोन-चार किलोमीटरसाठी. कसारा घाटात किंवा सप्तशृंगीच्या चढावर हा प्रयोग करू नका, तिथे टोइंगवाल्याला बोलवा. उतारावर गिअरशिवाय गाडी म्हणजे सगळा भार ब्रेकवर.

गाडी ठेवावी की द्यावी, हे मी कसं सांगू? पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, पत्रा खालून सडलाय का, इंजिन ऑइल पितंय का, यावर ते ठरतं. बुशवर ते ठरत नाही. वडिलांची गाडी आहे म्हणताय, तर निदान बुशसाठी तरी तिला भंगारात घालू नका.

गॅरेजमध्येच द्यायची असेल तर दुसरं गॅरेज बघा आणि एवढंच म्हणा, ‘आधी वर घेऊन सळई दाखवा, मग गिअरबॉक्सचं बोलू.’ काम झाल्यावर जुने बुश हातात मागून घ्या. मग गाडी पांडवलेणीपर्यंत नेऊन आणा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलेटर देऊन झटकन सोडा, दांडा जागचा हलतो का बघा. रिव्हर्स दोन-तीनदा टाका. आणि परत आल्यावर, सायलेन्सर पूर्ण तापलेला असताना, उभ्या गाडीत चारही गिअर पुन्हा एकदा टाकून बघा. थंड गाडीत छान पडणारा गिअर तापल्यावर जड लागला, तर ती नळी कुठे पडली ते शोधायला परत खाली जा.